दुखणाइताची खाट कुठे घालावी?



भातावरची कीड, गुरांची लस, शाळेतली परसबाग, असे विषय आपण नेहमी ऐकतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज मी घराबद्दल बोलणार आहे, पण नवं घर कसं बांधावं याबद्दल नव्हे. ज्या घरात एखादं माणूस बरं न होणाऱ्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलं आहे, किंवा ज्या घरातून नुकतंच कोणी गेलं आहे, ते घर कसं असावं, याबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत. विषय ऐकून कानावर हात ठेवू नका. ही वेळ कोणाच्या घरी येत नाही? आणि ती आली म्हणजे आपण औषधाचा विचार करतो, पैशाचा करतो, देवाला नवस बोलतो. पण खाट कुठे घालायची, याचा विचार सहसा कोणी करत नाही. जिथे जागा मोकळी असेल तिथे ती पडते.

आपल्या शहापूर-मुरबाडकडचीच गोष्ट घ्या. मोठं दुखणं निघालं की मंडळी आसनगावहून किंवा कसाऱ्याहून लोकल धरतात. मुरबाडची माणसं एस.टी.नं कल्याण गाठतात आणि तिथून पुढे मुंबई. तपासण्या होतात, सुया होतात, शेत गहाण पडतं. आणि एक दिवस डॉक्टर घरच्या माणसाला बाजूला घेऊन सांगतात, "आता घरी न्या. करण्यासारखं काही उरलं नाही." रोगावरचे उपाय संपले, एवढाच त्या बोलण्याचा अर्थ असतो. पण आपण त्याचा अर्थ असा घेतो, की आता काहीच करायचं नाही, फक्त वाट पाहायची. माणूस मात्र अजून असतो. महिना, दोन महिने, कधी वर्षभरही असतो. त्याला ऊन लागतं, वारा हवा असतो, कोण आलं कोण गेलं हे कळायला हवं असतं. त्याच्यासाठी करण्यासारखं पुष्कळ उरलेलं असतं, आणि त्यातलं बरंच काही घराच्या मांडणीत आहे.

हे मला पुस्तकातून उमगलं नाही. मी डॉक्टर नव्हे की गवंडी नव्हे, शाळेत शिकवणारा माणूस आहे. माझे वडील शेवटच्या दुखण्यात घरी आले तेव्हा आषाढ लागला होता. आम्ही त्यांची खाट सगळ्यांत आतल्या खोलीत घातली. का, तर तिथे शांतता, तिथे कोणाचा त्रास नाही. खोलीला लहानसा झरोका, वर पत्रा. पाऊस सुरू झाला की पत्र्यावर ताशा वाजायचा, आणि उघडीप पडली की आत भट्टी व्हायची. वडील दिवसातून पाच-पाच वेळा विचारायचे, "लावणी कुठवर आली?" आम्ही सांगायचो, "होतेय, तुम्ही पडून राहा." त्यांना वाटायचं आम्ही काही लपवतोय. शेवटी माझ्या चुलतीनं एके दिवशी आम्हां सगळ्यांना खडसावलं आणि खाट उचलून पडवीत आणायला लावली. तिथून खालची दोन खाचरं दिसत होती. त्या दिवसानंतर वडिलांनी लावणीचं विचारलं नाही. ते स्वतःच आम्हांला सांगू लागले, अमक्या बांधावरून पाणी फुटलंय, बघा जरा. दुखणं तेच होतं. पण माणूस पुन्हा घरातला झाला होता. आम्ही आधीच ही खाट बाहेर आणली असती तर, ही चुटपूट मला अजून आहे.

पुढे मी या विषयावर वाचू लागलो, तेव्हा कळलं की हीच गोष्ट जगात पुष्कळांनी आपापल्या परीनं शोधून काढली आहे.

लंडनला सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाई होऊन गेल्या. त्या आधी परिचारिका होत्या, नंतर रुग्णालयात समाजसेविका झाल्या. तिथे त्यांना डेव्हिड टास्मा नावाचा एक पोलंडचा निर्वासित भेटला. कर्करोगानं तो मरणाला टेकला होता, जवळचं कोणी नव्हतं. दोघांचं बोलणं व्हायचं ते हेच, की अशा माणसांसाठी कशी जागा असायला हवी. १९४८ साली तो वारला. जाताना त्यानं आपले पाचशे पौंड सिसिलीबाईंच्या नावे ठेवले आणि सांगितलं, की तुम्ही जे घर बांधाल त्यात मी एक खिडकी होऊन राहीन. बाईंनी पुढे डॉक्टरकीचा अभ्यास केला, पैसे जमवले, आणि एकोणीस वर्षांनी, १९६७ साली, सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उभं केलं. त्या घराच्या दर्शनी भागात टास्माच्या नावाची खिडकी आहे. हॉस्पिस म्हणजे असं शुश्रूषागृह, जिथे रोग बरा करण्याचा अट्टहास नसतो. वेदना कमी करणं, मन शांत ठेवणं आणि घरच्यांना आधार देणं हेच काम असतं. त्या साऱ्या चळवळीच्या मुळाशी एक खिडकी आहे, हे मला फार बोलकं वाटतं.

आपल्याकडे असं पहिलं घर १९८६ साली मुंबईत वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर निघालं. त्याचं नाव शांती अवेदना सदन. अवेदना म्हणजे वेदना नसणं. कर्करोगावर शस्त्रक्रिया करणारे डॉ. लुइस डिसूझा यांनी ते स्थापन केलं. पुढे त्याच्या शाखा गोव्यात आणि दिल्लीतही निघाल्या. पुण्यात वारजे इथे सिप्लाचं शुश्रूषा केंद्र १९९७ पासून चालू आहे. दोन्ही ठिकाणी पैसे घेत नाहीत. वारज्याच्या केंद्रात रुग्णाबरोबर घरचं माणूस राहतं, आणि दुखणाइताला कसं वळवावं, कसं पुसावं, औषध कसं द्यावं हे शिकून घरी परत जातं. म्हणजे ते केंद्र निव्वळ दवाखाना नाही, एका परीनं शाळाही आहे. शिक्षक मित्रांनी हे ध्यानात घ्यावं.

आता तुम्ही म्हणाल, खिडकीनं, झाडानं काय फरक पडतो? मनाचं समाधान, दुसरं काय? तर ऐका. रॉजर उल्रिख नावाच्या एका संशोधकानं अमेरिकेतल्या एका रुग्णालयाचे १९७२ ते १९८१ या काळातले कागद तपासले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले सेहेचाळीस रुग्ण निवडले आणि सारख्या वयाच्या, सारख्या प्रकृतीच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणाऱ्यांना जालीम वेदनाशामक औषधं कमी लागली आणि ते सरासरीनं सुमारे पाऊण दिवस आधी घरी गेले. १९८४ साली हे निष्कर्ष छापून आले. ते रुग्ण बरे होणारे होते, हे खरं. पण दुखतं तेव्हा डोळ्यांपुढे काय आहे याचा दुखण्याशी संबंध असतो, एवढं त्यातून दिसलं.

फिनलंडमध्ये आल्वार आल्तो या वास्तुकारानं १९३३ साली पाइमिओ इथे क्षयरोग्यांचं आरोग्यधाम बांधून पुरं केलं. तेव्हा क्षयावर आजच्यासारखी औषधं नव्हती. महिनोन् महिने पडून राहायचं, एवढंच. आल्तोनं विचार केला तो असा : इतर माणसं खोली उभ्यानं पाहतात, पण हा रुग्ण ती आडवा होऊन पाहणार. त्याच्यापुढे भिंत नाही, छत आहे. म्हणून त्यानं छताला डोळ्यांना निववणारा गडद रंग दिला, दिवा नजरेवर येणार नाही असा लावला, आणि हात धुण्याचं भांडं असं घडवलं की पाणी पडताना आवाज होऊ नये, शेजारच्याची झोप मोडू नये.

आणखी एक गोष्ट सांगतो. स्कॉटलंडमध्ये मॅगी केझिक जेंक्स नावाच्या बाईंना १९९३ साली सांगण्यात आलं, की कर्करोग उलटला आहे, दिवस थोडे आहेत. ते ऐकून त्या बाहेर आल्या त्या रुग्णालयाच्या खिडकी नसलेल्या बोळात. धड रडायलाही जागा नव्हती. त्यानंतर त्यांनी नवऱ्याबरोबर एका वेगळ्या घराचा आराखडा मनात धरला. १९९५ साली त्या वारल्या; पुढच्याच वर्षी एडिंबरोत रुग्णालयाच्या आवारातल्या एका जुन्या तबेल्याचं रूपांतर करून ते घर उघडलं. आज त्यांच्या नावाची अशी बरीच केंद्रं आहेत, आणि त्यांत मधोमध काय असतं? स्वयंपाकघरातलं मोठं टेबल. आलेल्या माणसानं तिथे बसावं, चहा घ्यावा, बोलावंसं वाटलं तर बोलावं, नाही तर गप्प राहावं. मंडळी, आपल्याकडे टेबल नसेल, पण चूल आणि ओटी आहेच की.

आणि हा विचार काही सगळा परदेशातून आलेला नाही. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात परचुरेशास्त्री म्हणून एक संस्कृत पंडित १९३९ च्या सुमारास आले. त्यांना कुष्ठरोग झाला होता. आज तो औषधानं पुरता बरा होतो. तेव्हा होत नसे, आणि अशा माणसाला लोक गावाबाहेर काढत. गांधीजींनी त्यांना आश्रमाच्या आवारात, आपल्या कुटीजवळच ठेवून घेतलं, आणि ते स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करत. सेवाग्रामला परचुरे कुटी आजही पाहायला मिळते. माती, बांबू आणि कौलं, एवढंच त्या आश्रमातल्या घरांचं सामान. म्हणजे प्रश्न पैशाचा नव्हता. कुटी कुठे घालायची, कुंपणाच्या आत की बाहेर, हा होता.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट दिसते. दुखणाइताला दडवू नये आणि मांडूनही ठेवू नये. त्याला माणसं दिसावीत, पण नको वाटतील तेव्हा पडदा ओढता यावा. अगदी आतली अंधारी खोली वाईट, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेवरची ओटीही वाईट. या दोहोंच्या मधली जागा शोधायची. आपल्या जुन्या घरांत ती होती. कारवीच्या कुडाचं, शेणमातीनं लिंपलेलं, कौलारू घर. पुढे ओटी, मध्ये माजघर, बाजूला पडवी. ठाकूर, महादेव कोळी, वारली, कातकरी यांची घरं लहान असली तरी कुडातून वारा खेळायचा. आता पत्रा आला, सिमेंट आलं. घर पक्कं झालं, साप-विंचवाची भीती कमी झाली, हे चांगलंच झालं. पण पडवी गेली आणि खिडक्या वर चढल्या. तेव्हा जे घर आहे त्यातच काय करता येईल, ते सांगतो.

पहिली गोष्ट जागेची. आपल्याकडे पाऊस मारतो तो बहुधा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून, आणि दुपारचं ऊनही पश्चिमेचंच. म्हणून खाटेची जागा शक्यतो घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला धरावी. सकाळचं कोवळं ऊन मिळतं, सर येत नाही. खाट भिंतीला दोन्ही बाजूंनी चिकटवून कोपऱ्यात घालू नका. निदान तीन बाजूंना दोन-अडीच फूट मोकळे ठेवा. याला कारण आहे. पडून राहणाऱ्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवलं नाही, तर पाठीला, कुल्ल्याला जखमा होतात. आणि वळवायला दोन माणसं दोन बाजूंना उभी राहायला हवीत. कोपऱ्यातल्या खाटेवर ते जमत नाही.

दुसरी गोष्ट नजरेची. खाट साधारण दीड फूट उंच असावी, म्हणजे बसल्यावर पाय जमिनीला टेकतात. पडलेल्या माणसाचा डोळा तिथून जेमतेम दोन-अडीच फुटांवर येतो. आपल्या खिडकीचा कठडा असतो तीन-साडेतीन फुटांवर. म्हणजे उभ्या माणसाला अंगण दिसतं आणि पडलेल्याला नुसतं आभाळ. नवीन खोली बांधत असाल तर एक तरी खिडकी दोन फुटांवर घ्या. गज लावा म्हणजे लेकरं पडणार नाहीत. बांधत नसाल तर खाट दाराच्या समोर तिरपी लावा. बाहेर काय दिसावं? फार काही नको. तुळस, गोठा, आंबा, माहुलीचा सुळका दिसत असेल तर उत्तमच. दिवा डोक्याच्या मागे किंवा खाली ठेवावा. डोळ्यांवर उघडा बल्ब नको.

तिसरी गोष्ट उष्मा आणि आवाज. पत्र्याचं घर असेल तर वरून चुन्याचा पांढरा हात द्या. ऊन परतून जातं. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचं छत केलं तर उष्मा कमी होतो आणि पावसाचा आवाजही दबतो. पत्र्यावर भाताचा पेंढा अंथरला तरी तेच काम होतं. मात्र चुलीपासून आणि विजेच्या तारेपासून तो लांब असावा. धाप लागणाऱ्या माणसाच्या तोंडावर हलका वारा येत राहिला तर त्याला खरोखर हायसं वाटतं, हे डॉक्टरांनीही तपासून पाहिलेलं आहे. तेव्हा हातपंखा उशाशी असू द्या, आणि चुलीचा धूर त्या बाजूला येणार नाही असं बघा. अंगावर उघडी जखम असेल तर खाटेजवळ ताज्या शेणाचं सारवण नको. तिथे कोरडी, पुसता येईल अशी जमीन बरी.

चौथी गोष्ट मोरीची आणि उंबरठ्याची. संडासाला जाता येत नाही, कोणाला तरी उचलावं लागतं, याची लाज माणसाला दुखण्याइतकीच खाते. खाटेपासून मोरीपर्यंत हाताला आधार मिळेल असा बांबू भिंतीला आडवा ठोका. उंबरठ्यावर आतून बाहेरून उतरती फळी टाका. दार तीन फुटांचं असेल तर चाकाची खुर्ची जाते. जोत्यावरून उतार करायचा, तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरावी. त्याहून उभा केला तर ढकलणारा थकतो आणि बसलेला घाबरतो.

पाचवी गोष्ट सोबतीची. शुश्रूषा करणारी बहुधा घरातली बाईच असते. सून, लेक किंवा बायको. तिची वळकटी कुठे पडणार, याचाही विचार खाटेबरोबरच करा. तिला पाठ टेकायला जागा, आणि तासभर दुसऱ्या कोणाच्या हवाली करून बाहेर ओटीवर येऊन बसायची मुभा हवी. दुखणाइताच्या हाताशी तांब्या-भांडं आणि एखादी लहान घंटा किंवा घुंगरू असावं. हाक मारायला दम नसतो, आणि आपल्याला कोणी ऐकेल की नाही, हीच रात्रीची मोठी धास्ती असते.

इथे एक इशारा दिला पाहिजे. खोली कितीही चांगली लावली, तरी ती औषधाच्या जागी नाही. वेदना असह्य असेल तर आधी तिच्यावर इलाज. मॉर्फिनसारखं औषध नियमांच्या जाचामुळे मिळणं फार अवघड झालं होतं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ती वाट थोडी मोकळी झाली. मुंबईच्या दवाखान्यातून घरी निघताना डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "दुखणं वाढलं तर काय द्यायचं, आणि ते कुठे मिळेल?" उपकेंद्रांची आता आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली आहेत, आणि त्यांच्या कामांच्या यादीत अशा रुग्णांची शुश्रूषाही धरलेली आहे. आशाताईंना सांगा, पाठपुरावा करा. जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख माणसांना अशी शुश्रूषा लागते, आणि ती शंभरांतल्या चौदा जणांनाच मिळते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. केरळानं यात वाट दाखवली आहे. तिथे १९९३ साली कोझिकोडला हे काम सुरू झालं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ते उचललं, आणि २००८ साली राज्य सरकारनं त्यासाठी धोरण केलं. तिथे शाळा-कॉलेजांतली मुलंसुद्धा अशा घरी जाऊन बसतात, बोलतात, औषधं आणून देतात.

आता माणूस गेल्यानंतरचं. दहा-तेरा दिवस घर माणसांनी भरतं. पुरुष ओटीवर बसतात. बायका आत, धुरात आणि गर्दीत. जिचा नवरा गेला तिला एखाद्या कोपऱ्यात बसवून ठेवतात आणि येणारी प्रत्येक बाई तिला पुन्हा पहिल्यापासून रडवते. यात कोणाचा दुष्टावा नसतो, रीतच तशी पडली आहे. पण तिलाही हवेशीर जागा हवी, घटकाभर एकटं बसायला दार लोटता यावं, आणि दोन दिवसांनी तिला अंगणात येऊ द्यावं. ज्या खाटेवर माणूस गेलं ती जागा एकदम मोकळी करून तिथे पोती रचू नयेत, आणि वर्षानुवर्षं तशीच बंदही ठेवू नये.

स्मशानाचंही तसंच. आपल्या भागातल्या काही पाड्यांवर स्मशानाला अजून छप्पर नाही. भर पावसात ताडपत्री धरून, ओली लाकडं पेटवत अंत्यविधी करावा लागतो. दुःखाच्या वेळी माणसाची याहून मोठी विटंबना कोणती? ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात रस्ता येतो, गटार येतं. तिथे शेडही आली पाहिजे. आणि नुसती शेड नको. पावसात पाय घसरणार नाही अशी वाट, हातपाय धुवायला पाणी, म्हाताऱ्यांना बसायला दगडी ओटा, आणि सावलीला करंज किंवा जांभूळ. ज्या समाजात पुरण्याची रीत आहे, त्यांच्या जागेलाही कुंपण आणि वाट हवी. ग्रामसभेत हा विषय कोणी काढत नाही, कारण तो अशुभ वाटतो. शिक्षकांनी तो काढावा. त्यांचं बोलणं लोक ऐकून घेतात.

वर्गातही एवढं करता येईल. ज्या मुलाच्या घरी असं दुखणं आहे, तो मुलगा वर्गात गप्प असतो, त्याचा गृहपाठ राहतो. त्याला शिक्षा करण्याआधी घरी कोणाची खाट पडली आहे का, हे हळूच विचारून घ्यावं. मोठ्या मुलांना आपल्या घराचा नकाशा काढायला सांगावा आणि विचारावं, आजी आजारी पडली तर तिची खाट कुठे घालाल, आणि का? मोजमाप, दिशा, ऊन-वारा, सगळा भूगोल त्यात येतो. आणि आणखीही काही येतं, ते परीक्षेत विचारत नाहीत.

आता शेवटचं, आणि हे सगळ्यांत सोपं. तुमच्या घरी असं कोणी असेल, तर आज त्याची खाट हलवण्याआधी एक करा. त्याला थोडा वेळ बाहेर बसवा आणि त्याच्या अंथरुणावर तुम्ही स्वतः दहा मिनिटं आडवे व्हा. दुपारी एकदा आणि रात्री एकदा. वर काय दिसतं, ऊन कुठून येतं, कानावर काय पडतं, हाक मारली तर कोणाला ऐकू जाते, ते पाहा. मग उठा आणि खाट कुठे घालायची ते ठरवा. त्याला विचारायला मात्र विसरू नका. खाट त्याची आहे.